आधी टँकर, मग तबला: चिखलदऱ्याजवळच्या एका गावातल्या उन्हाळी कार्यक्रमाचं प्रकरण

चिखलदरा म्हणजे विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, ही ओळ शाळेच्या पुस्तकापासून हॉटेलच्या बोर्डापर्यंत सगळीकडे छापून ठेवलेली आहे आणि मे महिन्यात हीच ओळ डोक्यात घेऊन अमरावती, अकोला, नागपूरकडची मंडळी लेकरंबाळं गाडीत कोंबून वर येतात. वर येऊन दुपारी दोन वाजता गाडीचं दार उघडलं की पहिला डायलॉग ठरलेला, "काऊन बे, इथीबी गरमच हाय!" आता त्यात पहाडाचा काय दोष. चिखलदरा १,११८ मीटरवर, खाली परतवाडा पावणेचारशेच्या आसपास, उंचीचा फरक सात-साडेसातशे मीटरचा, म्हणजे हिशोबाने चार-पाच डिग्री कमी. खाली ४४ असेल तर वर ३९. ३९ म्हणजे काही महाबळेश्वर नाही. खरी मजा संध्याकाळी साडेपाचनंतर, वारा सुटला की, आणि नेमकं त्याच वेळी अर्धी पब्लिक घाट उतरायला लागलेली असते कारण अंधारात घाट नको.

हे आधी सांगायचं कारण असं की ज्या गावाबद्दल लिहितो आहे त्याचं सगळं प्रकरण याच एका गोष्टीवर फिरतं, की पाहुणे दुपारी असतात आणि पहाड चांगला असतो सकाळी आणि संध्याकाळी. गावाचं नाव लिहीत नाही, गावातल्या लोकांचीच तशी इच्छा आहे. चिखलदऱ्यापासून थोडंसं आत, पठारावर, कोरकू आणि गवळी वस्ती, थोडी खालून येऊन स्थायिक झालेली घरं, एक जिल्हा परिषदेची शाळा, एक मारुतीचं देऊळ, समोर मोठं पटांगण. मी तिथला नाही, परतवाड्याकडचा, पण हिशोबाची वही आणि माईकची वायर या दोन्हींशी माझा संबंध आला म्हणून आतून बघायला मिळालं.

गावाची अडचण साधी होती. सीझनमध्ये गाड्या गावावरून जातात, थांबत नाहीत. पाहुणे देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, गाविलगड, शक्कर तलाव असं भराभर उरकतात, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, फोटो, कणीस, चला पुढे. मागच्या सीटवरची लेकरं मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेली. गावाला त्यातून मिळतं काय, तर गवळ्यांचा थोडा खवा-रबडी खपते आणि धूळ खायला मिळते. बचत गटाच्या बायांचं म्हणणं, संध्याकाळी काहीतरी ठेवा, लोक थांबतील, आमचं जेवण खपेल. पोट्ट्यांचं म्हणणं, म्युझिकल नाइट ठेवा. सरपंचांचं म्हणणं, ठेवा काहीही, पण माझ्या डोक्याला ताप नको.

पहिला प्रयोग म्युझिकल नाइटचाच झाला आणि तो कसा झाला हे जरा सविस्तर सांगतो कारण विदर्भातल्या नव्वद टक्के गावांत तो असाच होतो. खालच्या शहरातून ऑर्केस्ट्रा बोलावला. ॲडव्हान्स दिला. स्टेज, ट्रस, फिरते लाइट, चार मोठे बॉक्स, जनरेटर. बॅनरवर "सहकुटुंब सहपरिवार" असं मोठ्या अक्षरात आणि वेळ लिहिली सायंकाळी सात. सात वाजता ऑर्केस्ट्राची गाडी घाटातच, कारण मागून लोड, चढ, आणि एका वळणावर ट्रक आडवा. साडेआठला आले, साउंड चेक सुरू, हॅलो हॅलो वन टू थ्री. तोवर गोळा झालेल्या फॅमिल्यांची लेकरं झोपायला लागली, कुणाला भूक, कुणाला सू, आणि पटांगणात पाणी नाही कारण पिण्याच्या पाण्याचा विचारच कुणी केलेला नव्हता. गाणी चालू झाली साडेनऊच्या सुमारास. अर्ध्या तासात पोलीस पाटील उभे राहिले घड्याळ दाखवत.

पोलीस पाटलांना पोट्ट्यांनी लय शिव्या घातल्या मागून, पण नियम तर नियमच आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातले फार तर १५ दिवस सरकार ठरवेल त्या सणाउत्सवाला १२ पर्यंतची सूट. ते १५ दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणांतच संपतात, गावच्या म्युझिकल नाइटसाठी कुणी ठेवत नाही. आणि दिवसासुद्धा परवानगी लेखी लागते, वस्तीच्या भागात आवाजाची हद्द ५५ डेसिबल, रात्री ४५. ५५ म्हणजे किती, तर चार माणसं जरा जोरात बोलली की झालं. ऑर्केस्ट्राचा एक बॉक्ससुद्धा त्यात बसत नाही. शिवाय हा व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतला मुलूख, मेळघाट म्हणजे १९७३-७४ मध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊपैकी एक, तिथं रात्री दरीकडे तोंड करून चार बॉक्स लावले तर वनखात्याचा माणूस येणारच. तो दुसऱ्या दिवशी आला.

ऑर्केस्ट्राचे पूर्ण पैसे द्यावे लागले, गाणी झाली सात-आठ. बायांचं जेवण उरलं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गावातल्याच कोरकू मंडळींना "आदिवासी नृत्य, दहा मिनिटे" म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये टाकलं होतं, ते दहा मिनिटंही आलेच नाहीत. ती माणसं दिवसभर तयारी करून, ढोल तापवून, स्टेजच्या मागे बसून होती. मानधनही नंतर तुकड्या-तुकड्यात. याचा राग पुढे बरेच महिने पुरला.

पुढच्या उन्हाळ्यात परत विषय निघाला तेव्हा बैठकीत पहिली अर्धी रात्र एकमेकांना बोलण्यात गेली. मग शाळेतल्या सरांनी, जे तसे कमी बोलतात, एक साधी गोष्ट केली. फळ्यावर संध्याकाळी पाच ते रात्री दहा असे रकाने पाडले आणि म्हणाले, आधी यात आपल्या हातात नसलेल्या गोष्टी भरू, गाणीबिणी नंतर. मग निघालं ते असं. टँकर येतो दुपारी चारच्या पुढे, कधी पाच. सूर्य मावळतो सातच्या जरा आधी, उजेड अजून पंचवीस मिनिटं. लाइट जायची वेळ ठरलेली नाही पण जातेच. घाट उतरणाऱ्याला नऊच्या आत निघायचं असतं. लहान लेकरू साडेआठला झोपतं. दहाला आवाज बंद. आता यात उरलं काय? साडेपाच ते पावणेनऊ. सव्वातीन तास. यातच खेळ, जेवण, गाणी, सगळं.

मला विचाराल तर या प्रकरणातला खरा निर्णय तिथंच झाला, बाकी सगळं त्या फळ्यावरून आपोआप आलं. पहाडावर कार्यक्रम बसवताना आपण कलाकारापासून सुरुवात करतो, कोण येणार, किती घेणार, आणि पाणी, घाट, अंधार हे शेवटच्या दिवशी आठवतं. इथं उलट केलं.

पाण्याचं आधी. पठाराखाली सगळा काळा पाषाण, पावसाळ्यात धो-धो पडतं आणि सगळं दरीत वाहून जातं, मे महिन्यात विहिरी कोरड्या. ज्या गावात बाया टँकरच्या पाइपाखाली गुंडासाठी, म्हणजे पाण्याच्या भांड्यासाठी, भांडतात तिथं पाहुण्यांनी हात धुवायला बादल्या उपसल्या तर कार्यक्रम जाईल चुलीत, गावच अंगावर येईल. बचत गटाच्या अध्यक्ष बाई बैठकीत उभ्याच राहिल्या, "आमच्या गुंडातलं पानी पावन्याले नाई देनार, आधी त्याचा टँकर येगळा सांगा, मंग तुमचा तबला बडवा." म्हणून पहिला खर्च वेगळ्या टँकरचा, तो खालून विकत आणायचा, आणि तो पटांगणात उभा राहिल्याशिवाय एकही तिकीट फाडायचं नाही असं ठरलं. जेवणाला पत्रावळी, धुणंभांडं कमी. लेकरांसाठी तिथंच पन्हं आणि ताक. पाहुण्यांना येतानाच सांगायचं की आपापल्या बाटल्या आणा. शाळेची दोन मुताऱ्या-संडासं उघडायची आणि तिथं एक माणूस बसवायचा, त्यालाही रोजी. ही रोजी वादाची ठरली, पोट्टे म्हणे संडासावर बसायचे पैसे कायले, पण ज्यानं कधी लहान पोरगी घेऊन अशा कार्यक्रमाला गेलाय त्याला विचारा, बाई माणूस थांबेल का नाही हे त्या संडासावरच ठरतं.

तारीख. शनिवार-रविवार तर हवाच, पण बुद्ध पौर्णिमा टाळली, कारण त्या रात्री मेळघाटात पाणवठ्यावर मचाणीवरून प्राणी बघायचा वनखात्याचा कार्यक्रम असतो, खात्याची सगळी माणसं तिकडे, आणि जंगलात शांतता हवी. शिवाय पौर्णिमेला चांदण्या दिसत नाहीत आणि सरांना लेकरांना आकाश दाखवायचं होतं. म्हणून मेचा शेवटचा आठवडा निघाला, त्या वर्षी चंद्राचीही अडचण नव्हती. मोठ्यांनी डोक्याला हात लावला, अहो नवतपा! २५ मेपासूनचे ते नऊ दिवस, सूर्य रोहिणीत, विदर्भातला माणूस घरातून निघत नाही. पण सर हसले. त्यांना तोच आठवडा पाहिजे होता, का ते पुढे सांगतो.

सकाळचा भाग सहाला सुरू, त्याच्या आधी नाही. हे काही शहरी लोकांच्या झोपेसाठी नाही, आमच्याकडे मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या माणसांची आणि अस्वलाची गाठ पडल्याच्या गोष्टी दर उन्हाळ्यात असतात, अस्वलालाही मोह आवडतो. मोहाचा बहर मेच्या शेवटी ओसरलेला असला तरी गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की चांगलं उजाडल्याशिवाय पाऊलवाटेवर पोरं न्यायची नाहीत, विषय संपला. साडेआठला परत, तोवर ऊन चढलेलंच असतं. चालणं गाविलगडाच्या बाजूने. किल्ला मूळचा गवळ्यांचा, म्हणून गाविलगड, पुढे १४२५ मध्ये अहमदशाह बहमनीनं बांधून काढला, आणि १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं भोसल्यांकडून घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. हे सांगायचं काम एका गवळी आजोबांकडे होतं आणि त्यांनी तारखा सरांवर सोडून दिल्या, स्वतः फक्त म्हशी कुठून चढायच्या, पाणी कुठं साचायचं, तटाची भिंत कुठं कमजोर हे दाखवत गेले. लेकरांना तेच जास्त कळलं. एका अकोल्याच्या पोट्ट्यानं विचारलं, "आजोबा, मग इंग्रजांना रस्ता कसा सापडला?" आजोबा म्हणाले, "तुले गूगल दावते ना, तसं त्याहिले कोनीतरी दावलंच असन."

दुपारी बारा ते चार काहीच नाही असं आधी ठरलं होतं. झोपा, पत्ते खेळा, शाळेच्या वर्गात कूलर लावलाय तिथं पडा. पण त्यातच सरांचा तो नवतप्याचा डाव होता. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली गायब होते. जुलैमधला दिवस ढगात जातो, म्हणून बघायचा तो मेमधला. अमरावतीला साधारण २५ मे, नागपूरला २६, चिखलदऱ्याला २७-२८, जसजसं उत्तरेकडे जाल तसा पुढे. वेळ दुपारी सव्वाबाराच्या जरा पुढे. सरांनी शाळेच्या ओट्यावर पांढरा कागद चिकटवला, त्यावर स्टीलचा पेला पालथा ठेवला, शेजारी पाइपाचा तुकडा उभा केला, आणि लेकरांना डोक्याला दुपट्टे बांधून दहा मिनिटांसाठी बाहेर काढलं. सुरुवातीला पेल्याच्या एका बाजूला बारीक काळी किनार होती. ती बारीक होत गेली, दोऱ्याएवढी, मग नाहीच. पेला कागदावर कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. एका मुलीनं पेला उचलून खाली बघितलं, सावली आत लपली का म्हणून. तीन-चार मिनिटांनी दुसऱ्या बाजूनं किनार परत यायला लागली आणि सगळे आत पळाले, ओटा पायाला भाजत होता. आई-बाप दारातून बघत होते, त्यांच्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नव्हतं, एवढी वर्षं विदर्भात राहून. एका पैशाचा खर्च नाही.

संध्याकाळी पाचला पंचबोलला. तिथं हाक मारली की प्रतिध्वनी येतो हे सगळ्यांना माहीत, येतात, ओरडतात, जातात. इथं लेकरांना मोबाईलचं स्टॉपवॉच दिलं. कठड्याच्या आत, मोठ्या माणसांची साखळी पुढे, एकानं टाळी किंवा थाळी वाजवायची, बाकीच्यांनी परत यायचा वेळ मोजायचा. गरम हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, जाऊन यायला दोन सेकंद लागले तर समोरचा कडा ३५० मीटरवर. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, त्यावरून भांडणं, मग सरासरी. ओरडायला मिळालं आणि गणितही झालं, लेकरं खूश.

आता मैफिलीकडे येतो. या वेळी स्टेज नव्हतंच. देवळाच्या पुढे सतरंज्या, गोलात, मध्ये मोकळी जागा. दोन छोटे बॉक्स, तेही वाऱ्याकडे पाठ करून, कारण पठारावर संध्याकाळी वारा जोरात असतो आणि वाऱ्याच्या उलट आवाज फेकला तर तो वर उचलला जातो, मागच्या लोकांना काही ऐकू येत नाही, मग साउंडवाला आवाज वाढवत नेतो आणि पुढच्यांचे कान फुटतात. पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं. बॉक्सची तोंडं गावाकडे, दरीकडे नाही. माणसं जवळ बसवली की आवाज वाढवायची गरजच निम्मी कमी होते, हे साउंडवाल्या पोराला पटवायला वेळ लागला, त्याचा धंदाच बॉक्सच्या संख्येवर.

सुरुवात सामुदायिक प्रार्थनेनं, कारण गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं रोज तिन्हीसांजेला करतातच, त्यांना वेगळं काही करायचं नव्हतं. आणि मग खंजिरी भजन. तुकडोजी महाराज १९०९ साली यावलीला जन्मले, आमच्याच जिल्ह्यात, आणि त्यांनी खंजिरी हे हातातल्या हातात मावणारं वाद्य असं काही गाजवलं की अजूनही अमरावती जिल्ह्यात पाच-सहा जण जमले आणि एक खंजिरी असली की भजन उभं राहतं. (जाता जाता, वरचा मोझरी पॉइंट वेगळा आणि महाराजांचं गुरुकुंज मोझरी वेगळं, ते खाली तिवसा तालुक्यात नागपूर रोडवर. दरवर्षी कोणीतरी पॉइंटवर येऊन आश्रम कुठाय म्हणून विचारतंच.) भजनी मंडळाला मानधन नको होतं, चहा पाहिजे होता, आणि मध्ये कुणी "काका, एखादं हिंदी पिक्चरचं होऊ द्या" असं म्हणणार नाही याची गॅरंटी. म्हातारे एकामागून एक म्हणत गेले, खंजिरीचा ठेका पहिल्या पाच मिनिटांत लेकरांच्या हातात आला, पन्ह्याच्या कपांवर, ताटांवर. एक खंजिरी फिरवायला दिली लेकरांमध्ये. ती परत मिळवायला मंडळाच्या काकाजींना कार्यक्रमाच्या शेवटी जरा शोधाशोध करावी लागली.

मग कोरकू मंडळी. त्यांना बैठकीतच बोलावलं होतं, तेही घरी जाऊन, कारण मागचा राग. त्यांच्यातले जाणते बाबा सुरुवातीला तयारच नव्हते. होळीला मेळघाटात कोरकू गावं रात्र-रात्र नाचतात, फगवा मागतात, लग्नसराईत नाचतात, तो त्यांचा काळ. खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसाठी नाचायचं कशाला, हा त्यांचा सवाल. तो खोटा नाही. माझं तर मत आहे की मागच्या वर्षीच्या दहा मिनिटांपेक्षा "नाही" हे उत्तर जास्त इज्जतीचं झालं असतं. पण तरण्या पोरींना नाचायचं होतं, आणि शेवटी बाबांनी चार अटी घातल्या. पैसे आधी, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, सगळे. कधी थांबायचं ते आम्ही ठरवणार. खुर्च्या नाही, सगळे खाली. आणि नाच चालू असताना मधात घुसून फोटो नाही. सगळं मान्य झालं, खुर्च्यांच्या अटीवर सरपंच थोडे नाराज कारण त्यांच्या ओळखीचे दोन साहेब यायचे होते. साहेब आले आणि सतरंजीवर बसले, काही झालं नाही.

गादली-सुसून हा कोरकूंचा नाच ज्यांनी फक्त व्हिडिओत बघितलाय त्यांना त्याचा वेग कळत नाही. बाया हात गुंफून ओळीत, पुरुष ढोल आणि बासरीवर, आणि पहिली दहा मिनिटं असं वाटतं की काहीच घडत नाही, एकच पाऊल पुढे, एक मागे. शहरातली लेकरं चुळबुळ करायला लागली. मग ढोल किंचित बदलतो, ओळ वाकते, आणि बघणाऱ्याला कळत नाही आपला पाय कधी हलायला लागला. माहिती एका कॉलेजला शिकणाऱ्या कोरकू पोरानं आधी कोरकूत आणि मग मराठीत सांगितली. कोरकू ही मराठीच्या किंवा गोंडीच्या घरातली भाषा नाही, ती मुंडा भाषांपैकी, तिचे सख्खे नातलग लांब झारखंडकडे, संथाली, मुंडारी. त्या पोरानं माईकवरून आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली तेव्हा गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण त्यानंतर त्या पुढे सरकून बसल्या, आधी मागच्या भिंतीला होत्या.

जेवण रोडग्याचं, म्हणजे आरावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं. यात एक अडचण झाली ती सांगायलाच पाहिजे. पाहुण्यांना कॅम्पफायर पाहिजे असतो, पहाड म्हटलं की शेकोटी हे डोक्यात बसलंय, अरे पण मे महिन्यात शेकोटी? १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, गवत इतकं वाळलेलं की विडीचं थोटूक पुरतं, वनखात्याचे फायर वॉचर रात्रंदिवस जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे) बघत फिरतात. म्हणून पटांगणात जाळ नाही हे पक्कं. रोडगे मात्र गोवऱ्यांच्या आरावरच भाजले जातात, गॅसवर रोडगा होत नाही, झाला तर त्याला रोडगा म्हणू नये. तोडगा असा काढला की गावाच्या आत, घरांच्या मधल्या मातीच्या अंगणात, वारा अडेल अशा जागी, दुपारी चारच्या आधी भाजून ठेवायचे, आर विझवून राख ओली करायची, आणि वाढताना तूप, वरण, वांग्याची भाजी. राख ओली करायलाही पाणी लागलं, तेव्हा बाईंनी परत टँकरकडे बोट दाखवलं, पाहा, म्हटलं नव्हतं? गोड म्हणून गवळ्यांची रबडी. तिकिटात जेवण धरलं होतं, बारा वर्षांखालच्यांना फुकट. कुटकीचा, म्हणजे बारीक भरडधान्याचा, भात थोडा ठेवला होता चव बघायला, तो सगळ्यात आधी संपला.

आठ-सव्वाआठला लाइट गेली. जनरेटर चालू करायला एक जण धावला तर सरांनी त्याला थांबवलं, राहू दे. कंदील लावले संडासाकडच्या वाटेवर आणि टँकरपाशी, बाकी अंधार. लेकरांना सतरंजीवर आडवं केलं. मेच्या संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात, त्याच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा, आणि आग्नेयेला वृश्चिक वर येत असतो, लालसर ज्येष्ठा. सरांनी ऋषींची नावं सांगायला सुरुवात केली तेवढ्यात गावातल्या एका आजीनं मध्येच तोंड घातलं, "काय ऋषी न् फिशी, बाज हाय ते म्हतारीची, न् मागं तीन चोर!" चार पायांची बाज, म्हणजे खाट, आणि मागचे तीन चोर, लेकरांना हेच पटलं, सर बाजूला राहिले. भजनातले एक काकाजी अंधारातच, माईकशिवाय, हळूच सूर लावून बसले होते. कुणीतरी मोबाईलवरच्या ॲपनं आवाज मोजला, माणसं बोलतात तेवढा.

पावणेनऊला आवरलं. गाड्या एकदम न सोडता पाच-पाचच्या गटानं सोडल्या, पुढे गावातला एक जाणकार बाइकवर, कारण धामणगाव गढीच्या बाजूनं उतरताना नवख्या माणसाला वळणं कळत नाहीत. ज्यांनी वरच मुक्काम केला त्यांची सोय चार घरांत, एका खोलीत एक कुटुंब.

हिशोब. नफा झाला असं मी म्हणणार नाही. टँकर, साउंड, कोरकू मंडळींचं मानधन, संडासवाल्याची रोजी, किराणा जाऊन बचत गटाच्या हातात जे राहिलं ते त्यांनी दोन दिवस जे राबलं त्याला धरलं तर मजुरीएवढंच. पण खवा आणि कुटकीच्या ऑर्डरी नंतर फोनवर येत राहिल्या, हा पैसा कार्यक्रमाच्या वहीत दिसत नाही, बायांच्या वहीत दिसतो, म्हणून पोट्टे म्हणतात कार्यक्रम तोट्यात आणि बाया म्हणतात फायद्यात. दोघंही आपापल्या वहीपुरते बरोबर. पोट्ट्यांचा ऑर्केस्ट्राचा हट्ट अजून गेलेला नाही. आणि खरं सांगतो, मला त्यांचंही थोडं पटतं. वीस वर्षांच्या पोराला गावात वर्षभर काय असतं? त्याला एक रात्र बॉक्स लावून नाचायचं असेल तर तो काही संस्कृतीचा दुश्मन नाही. आता त्यांच्यासाठी दिवाळीनंतर वेगळा दिवस, परवानगी काढून, दहाच्या आत, असं ठरतंय.

चिखलदऱ्यातल्या एका हॉटेलवाल्यानं पुढच्या वर्षी सगळा खर्च उचलतो म्हणून निरोप पाठवला, अट एकच, बॅनर त्याचा आणि तिकीट त्याच्या काउंटरवरून. बैठकीत यावर वाद झाला आणि अजून नक्की काही नाही. कोरकू बाबांनी मात्र तिथल्या तिथं सांगून टाकलं, बॅनर त्याचा असेल तर ढोलही त्यानंच वाजवावा.

पण या सगळ्यात जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली ती वेगळीच. कार्यक्रमाला आलं कोण? गाडीवाले. परतवाडा, अचलपूर, पायथ्याची गावं, तिथल्या ज्या घरांना गाडी नाही, जिथं नवतप्यात पत्र्याखाली लेकरं भाजून निघतात, त्यांना वरची संध्याकाळ सगळ्यात जास्त पाहिजे, आणि तेच नव्हते. तिकीट त्यांना जड नव्हतं. अडचण अशी की संध्याकाळचा कार्यक्रम बघून खाली जायला एस.टी. नाही. वर येता येतं, रात्री परतायचं कसं? मुक्काम करायचा तर घरांतल्या खोल्या आधीच गाडीवाल्यांनी फोनवर धरलेल्या.

त्यावर आता दोन गोष्टी चालू आहेत. एक, दोन शनिवारी रात्री नऊची जादा बस सोडा म्हणून डेपोला अर्ज, सरपंचांच्या सहीचा, सोबत किती माणसं येतील त्याची यादी मागितली आहे, ती पायथ्याच्या गावांतल्या शाळांमधून गोळा करायचं काम सरांकडे. दुसरी, काळीपिवळीवाल्यांशी बोलणं. ते म्हणतात रात्री घाट उतरायचा तर येताना-जातानाचं भाडं आधी आणि गाडीत नऊच्या वर माणूस नाही, जे ऐकून बैठकीत सगळे हसले कारण दिवसा तेच लोक पंधरा भरतात. बाई म्हणाल्या, नऊ तर नऊ, आमच्या तिकिटातून भाड्याचे अर्धे आम्ही देतो, पण पायथ्याची निदान चार गाड्या माणसं आलीच पाहिजेत, रोडगे त्याहिलेच खाता येते, शहरवाले एका रोडग्यात दम टाकते. पोट्ट्यांनी विचारलं, अर्धे पैसे कुठून आणायचे, तर उत्तर आलं, दोन बॉक्सपैकी एक कमी करा. साउंडवाला पोरगा अजून तयार झालेला नाही.